टोपीखालचा इतिहास

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा ही शेगाव तालुक्यातील गावांची नावे वृत्तवाहिन्यांवर अकस्मात झळकू लागली. आधी डोक्याला खाज, मुंग्या, क्वचित ताप आणि डोकेदुखी. मग केसांत हात घातला की मुठीत केस. आणि तीन-चार दिवसांत डोके उघडे. भुसावळहून नागपूरकडे जाणारी गाडी मलकापूर, नांदुरा, जलंब करीत शेगावला पोहोचते. त्यामुळे आम्हा खानदेशकरांना हा मुलूख परका नाही. पलीकडच्या बोदवड-मुक्ताईनगराशी त्याची सोयरीकही आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात अठरा गावांतील २७९ जणांची नोंद झाली. त्यांत लहान मुले होती, म्हातारी माणसे होती. परंतु महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींची संख्या लक्षात येण्याजोगी होती. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, एक जळगावात व एक धुळ्यात. रोगाचे निदान हा आमचा प्रांत नव्हे. पण त्या दिवसांत या घटनेला जी भाषा चिकटली आणि त्या मुलांनी स्वतःच्या डोक्याचे जे केले, त्या दोहोंमागे मोठा इतिहास आहे असे आम्हांस वाटले. तो इतिहास आमच्या विषयाच्या कक्षेत नक्कीच येतो.

भाषेचे आधी पाहू. कारण कळण्याच्या आतच मथळ्यांनी रोगाला नाव देऊन टाकले होते : ‘टक्कल व्हायरस’. पाण्याचे, त्वचेचे, रक्ताचे नमुने अजून प्रयोगशाळेच्या वाटेवर होते. विषाणू सापडल्याचे कोणीही म्हटले नव्हते. तरी कोरोनानंतरच्या पाच वर्षांत ‘व्हायरस’ हा शब्द मराठीत इतका सैल झाला आहे की जे पसरते आणि जे कळत नाही ते सारे व्हायरस. शब्दाचा हा सैलपणा निरुपद्रवी नसतो. ‘साथ’ म्हटले की शेजारी एका हाताचे अंतर ठेवतो. ‘व्हायरस’ म्हटले की तो त्या गावची सोयरीकही ठेवत नाही. काही ठरलेली लग्ने मोडली, मुले शाळा-महाविद्यालयांत जाईनाशी झाली, अशा बातम्या पुढे आल्याच. आणि या लाजेतून सुटण्यासाठी अनेकांनी एक उपाय केला. उरलेसुरले केसही वस्तऱ्याने उतरवून टाकले.

हा उपाय वरवर पाहता शहाणपणाचा आहे. ठिगळाठिगळांचे डोके दाखविण्यापेक्षा तुळतुळीत डोके बरे. मुंबई-पुण्यात तर तशी चालच पडली आहे. पण खेड्यात तुळतुळीत डोक्याच्या तरुणाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोण गेले?’ हा. आमच्याकडे घरात मर्तिक झाले की मुलगे, पुतणे, भाऊबंद डोके करतात. दशक्रिया आणि गंधमुक्तीचा कार्यक्रम होईपर्यंत कोणत्या घरावर दुःख कोसळले आहे ते रस्त्याने चालणाऱ्या डोक्यांवरूनच कळते. तिरुपतीला केस देऊन आलेला मनुष्य असेल तर प्रसादाच्या लाडवाने उत्तर मिळते. ज्याच्या घरी कोणी गेलेले नाही आणि जो तिरुपतीलाही गेलेला नाही, त्याने काय सांगावे? मुंडन ही आपल्याकडे एक लिपी आहे. बोंडगावच्या मुलांनी लाज झाकण्यासाठी जी लिपी उचलली तीत शोकाखेरीज दुसरे अक्षर नव्हते.

ही लिपी केव्हाची? आणि तरुण पुरुषाचे टक्कल ही लाजेची गोष्ट केव्हापासून झाली? आमचे म्हणणे असे की ती फार जुनी नाही. टक्कल जुने आहे. त्याची लाज त्या मानाने नवी आहे.

पेशवाईतील किंवा त्यानंतरच्या शंभर वर्षांतील मराठी पुरुषाचे डोके डोळ्यांपुढे आणावे. ब्राह्मण असेल तर सभोवार वस्तरा फिरवून मध्ये राखलेला घेरा आणि शेंडी. शेतकरी-कारागीर असेल तर बहुधा कातरलेले किंवा भादरलेले डोके आणि त्यावर पागोटे, मुंडासे, फेटा. न्हावी धोकटी घेऊन ठरलेल्या दिवशी दारी येई, ओसरीवर किंवा झाडाखाली मनुष्य मांडी घालून बसे, आणि कपाळावरचे केस कोठपर्यंत मागे सरकले आहेत हा प्रश्नच उद्भवत नसे. कारण कपाळावर केस ठेवलेलेच नसत. वयाच्या बाविसाव्या वर्षी ज्याचे कपाळ मागे हटू लागले तो आणि ज्याचे केस पन्नाशीपर्यंत दाट राहिले तो, दोघेही पागोट्याखाली सारखेच. बोडके डोके चारचौघांत दाखविणे हाच मुळी अनाचार होता. टक्कल दिसायला आधी डोके दिसावे लागते.

मौज अशी की निसर्गाने पुरुषाच्या टकलासाठी जी दुसरी जागा निवडली आहे, म्हणजे डोक्याच्या मागचा भोवरा, ती नेमकी शेंडीचीच जागा आहे. तेव्हा धर्मशास्त्रापुढे अडचण उभी राहिली. ज्याला शेंडीपुरतेही केस उरले नाहीत त्याने कर्म कसे करावे? शास्त्रकारांनी व्यवहारी तोड काढली : खल्वाटाने दर्भाची शिखा धारण करावी. या नियमात हेटाळणी नाही, सहानुभूतीही नाही. कर्म अडू नये एवढीच काळजी आहे. आजच्या केशरोपणाच्या जाहिरातींपुढे ही दर्भाची शिखा ठेवून पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळी केसाची उणीव ही विधीतली उणीव होती, पुरुषातली नव्हे.

काव्यात मात्र थट्टा आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकातला तो टकल्या आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतोच. उन्हाने डोके पोळले म्हणून बिचारा झाडाच्या सावलीला जातो आणि वरून मोठे फळ पडून त्याचे डोके फुटते. अभाग्याच्या मागे आपत्ती चालत येते हा त्यातला बोध. वामन पंडितांनी सतराव्या शतकात शतकत्रयी मराठीत आणली तेव्हा हाही अभागी मराठीत आला. वर्गात हा श्लोक आला की मुले हसतात. आम्हीही हसत आलो. पण या थट्टेच्या पोटात एक खरे निरीक्षण आहे. ऊन डोक्याला लागते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उघड्या टाळूचा मनुष्य सावली शोधतो ती काही नशिबाच्या खेळासाठी नव्हे. पागोटे, उपरणे, पुढे आलेली टोपी, आणि आता मोटारसायकलवरचा तोंडाला गुंडाळलेला पांढरा रुमाल, यांची परंपरा सौंदर्याची कमी आणि उन्हाची अधिक आहे.

केसांवरून मराठी वाङ्मयात खरे अश्रू ढळले ते पुरुषासाठी नव्हेत. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधील यमुनेचे केशवपन हा आमच्या मते मराठी कादंबरीतील केसांविषयीचा सर्वांत भीषण प्रसंग. त्याच सुमारास, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार झाला. ज्या हातांनी पिढ्यान्पिढ्या हे काम केले त्याच हातांनी ते नाकारले, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात जितकी शिकवली जावी तितकी शिकवली जात नाही. असो. आम्हांला येथे एवढेच दाखवायचे आहे की बोडक्या डोक्याचे दोन अर्थ आपल्या वाङ्मयाने वाटून दिले : स्त्रीचे असेल तर शोकांतिका, पुरुषाचे असेल तर प्रहसन. बोंडगावच्या यादीत तरुण मुलीही होत्या. त्यांच्या वाट्याला शंभर वर्षांपूर्वीच्या केशवपनाची सावली आली आणि मुलांच्या वाट्याला भर्तृहरीची थट्टा. मुलांचे दुःख कमी होते असे मानायला जागा नाही. त्याला धरायला शब्द मात्र कमी होते.

आता साहेबी केसांकडे येऊ. इंग्रजी शाळांबरोबर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत, घेरा हटू लागला आणि पुढे भांग पाडलेले केस आले. हा बदल घराघरांत भांडणे लावून गेला. त्याचा सर्वांत हृद्य पुरावा ‘श्यामची आई’ मध्ये आहे. शिकायला बाहेरगावी राहिलेला श्याम केस वाढवून घरी येतो, वडील संतापतात, केसांचा धर्माशी काय संबंध असे श्यामला वाटते, आणि आई त्याला मोह या शब्दाच्या वाटेने समजावते. ती रात्र आपण सहसा मातृप्रेमाचा पाठ म्हणून शिकवतो. ती एका संक्रमणाचा दस्तऐवज म्हणूनही वाचता येते. बापाच्या लेखी केस राखणे म्हणजे वळण सोडणे; मुलाच्या लेखी केस काढणे म्हणजे शाळेत हसे होणे. लाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत असतानाचा तो क्षण आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याआधी १९२४ पासून सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयातल्या मुलांचे सर्व काही करीत होते. बाहेरगावाहून आलेल्या, केस कसे ठेवावेत या वयातल्या खानदेशी मुलांमध्ये त्यांची ती वर्षे गेली. श्यामची कथा कोकणातली खरी. पण ती सांगणाऱ्याने अशी कितीतरी डोकी येथे रोज पाहिली होती.

डोक्यावरून शेंडी गेली तरी टोपी राहिली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन; जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोस यांनी सजवलेला मंडप आणि गावोगावहून आलेले शेतकरी. पांढरी टोपी तोवर खानदेशात आलेली होती. फैजपूरने ती शेतकऱ्याच्या डोक्यावर कायम केली असे म्हणण्यास हरकत नाही. स्वातंत्र्यानंतर ती राजकारणातून उतरत गेली, पण केळीच्या बागेत आणि बाजार समितीत टिकली. आमच्या आजोबांच्या पिढीतील कोणाला टक्कल होते हे आम्हांला खरोखर सांगता येणार नाही. ते टोपी घालूनच जेवायला बसत आणि टोपी उशाशी ठेवून, दिवा मालवल्यावर झोपत. आमच्या वडिलांच्या पिढीने, साठ-सत्तरच्या दशकांत, नोकरी किंवा महाविद्यालय यांच्या निमित्ताने टोपी उतरवली. तिच्याबरोबर शतकानुशतकांचे झाकणही उतरले. तरुण टक्कल त्या दिवशी प्रथम रस्त्यावर आले.

त्याच सुमारास धोकटी जाऊन दुकान आले. ‘केशकर्तनालय’ हा भारदस्त शब्द पाट्यांवर अवतरला आणि आत समोरासमोर दोन आरसे लागले. या आरशांचा विचार कोणी फारसा केलेला नाही. ओसरीवर बसलेल्या माणसाच्या हातात फार तर एक लहान आरसा असे, दाढी पाहण्यापुरता. दुकानातल्या दोन आरशांनी माणसाला इतिहासात प्रथमच स्वतःच्या डोक्याची मागची बाजू दाखविली. भोवरा विरळ झाल्याची बातमी पूर्वी फक्त न्हाव्याला असे, आणि न्हावी जुन्या शिरस्त्याने गप्प राही. आता ती बातमी ज्याची त्याला, दर महिन्याला, दिव्याच्या उजेडात मिळू लागली. पुढे परिचयपत्रावरचे छायाचित्र आले, लग्नासाठीची छायाचित्रे आली, आणि गेल्या पंधरा वर्षांत खिशातला दूरध्वनीच आरसा झाला.

जगात इतरत्रही हे झाकण्याचे-उघडण्याचे खेळ झालेच. ज्यूलियस सीझर मागचे केस पुढे विंचरीत असे आणि विजयमाला डोक्यावर ठेवण्याचा मान त्याला सर्वांत प्रिय होता, असे त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. फ्रान्सच्या तेराव्या लुईचे केस तरुणपणीच गेले, त्याने टोप चढविला आणि पुढे दीडशे वर्षे अवघ्या युरोपातल्या सरदारांनी चांगले केस असतानाही टोप घातले. राजाला टक्कल पडले तर चाल पडते. शेतकऱ्याच्या मुलाला पडले तर टोपणनाव पडते.

टोपणनावाचा हा मुद्दा हलका नाही. आमच्या एका वर्गात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. वर्षभर टोपी घालून शेवटच्या बाकावर बसे. बुद्धीने तल्लख. ओळखपत्राच्या छायाचित्रासाठी टोपी काढायला सांगितल्यावर तो निघून गेला आणि ओळखपत्रावाचून पंधरा दिवस ग्रंथालयात आला नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याचे अर्धे डोके मोकळे झाले होते. घरची चार एकर जमीन, वडिलांची त्याच्या लग्नाची घाई. शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत हे आज खानदेशातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. समाजाचे वधू-वर परिचय मेळावे भरतात, त्यांच्या जाडजूड पुस्तिका निघतात, त्यांत शिक्षण, शेती, उंची आणि शेजारी बोटाएवढे छायाचित्र. त्या बोटाएवढ्या चौकोनात जमीन दिसत नाही, बुद्धी दिसत नाही, केस दिसतात. हा मुलगा आम्हांला म्हणाला, ‘सर, मी मेळाव्यात नाव देतो, पण फोटो दोन वर्षांपूर्वीचा देतो.’ त्याला आम्ही काय सांगणार? रूपापेक्षा गुण मोठे, हे सांगण्याचा पगार आम्हांला मिळतो. पण त्याच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. आम्ही त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे जा म्हणालो, आणि तोवर तो काय काय लावीत होता ते विचारले. ती यादी ऐकून आम्ही हादरलो.

लसूण, कांद्याचा रस, रॉकेल, बिब्बा आणि गुंज. यांतली गुंज तर सरळ विष आहे. गंमत अशी की ही यादी अडाणीपणातून आलेली नाही, जुन्या ग्रंथांचे अर्धवट अवशेष तीत आहेत. आयुर्वेदाने डोक्याच्या व्याधी बारकाईने वेगळ्या केल्या होत्या. वाग्भटाने एकदम केस जाणाऱ्या इंद्रलुप्ताला आणि हळूहळू केस जाणाऱ्या खलतीला निरनिराळे मानले. इंद्रलुप्ताला काही लोक ‘चाच’ म्हणतात अशीही नोंद केली. आपल्या मराठीत नाण्याएवढ्या गोल चकत्या पडण्याला ‘चाई’ म्हणतात. चाच आणि चाई यांच्या नात्याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा; आमच्या कानाला ती बहीण-भावंडे वाटतात. दारुणक म्हणजे कोंडा, अरुंषिका म्हणजे डोक्यातले पिकणारे फोड, ज्यांना आपल्या आया ‘खवडे’ म्हणत. गुंजेचा लेप इंद्रलुप्तावर सांगितला आहे हेही खरे. पण तो शोधन केलेल्या द्रव्याचा, वैद्याच्या देखरेखीखाली. वैद्य गेला, शोधन गेले, गुंज तेवढी उरली आणि ती आता चित्रफितींतून फिरते.

लोकभाषेतील हे चार शब्द, टक्कल, चाई, कोंडा, खवडे, आम्ही वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहितो. कारण ते चार वेगळे विकार आहेत आणि आजच्या ‘हेअरफॉल’ या एका शब्दाने चौघांना एकाच पोत्यात घातले आहे. खवडे हा बहुधा बुरशीचा किंवा जंतूंचा प्रताप. तो दाटीवाटीचा, एकाच कंगव्याचा, गरिबीचा आजार, गोळ्यांनी पूर्ण बरा होणारा. कोंडा त्वचेवर एरवीही राहणाऱ्या एका यीस्टच्या वाढीशी जोडलेला. जातो आणि परत येतो. चाईत शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच केसांच्या मुळांवर उलटते. ती पुष्कळदा आपोआप भरून येते, आणि म्हणून तिच्यावरच्या प्रत्येक घरगुती उपायाला फुकटचे यश मिळते. विषमज्वरानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जातात हे जुन्या बायका सांगत. कोरोनानंतर हजारो तरुणांनी तेच अनुभवले. तापाच्या धक्क्याने पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी गळतात; मुळे शाबूत असल्याने परत येतात.

उरले ते तरुणांचे खरे टक्कल. कपाळाच्या कोपऱ्यांतून मागे सरकणारे, भोवऱ्यावर विरळ होणारे. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये दाखवून दिले की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना असे टक्कल पडत नाही, आणि त्यांना पुरुषी संप्रेरक दिले तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे अशांना ते पडू लागते. म्हणजे हवे दोन : संप्रेरक आणि वारसा. पुढे १९७४ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून त्या संप्रेरकाचे तीव्र रूप घडविणाऱ्या विकराचे महत्त्व कळले. त्या वाटेने फिनास्टेराइड हे औषध १९९७ मध्ये टकलासाठी मान्य झाले. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवू लागले तेव्हा ते डोक्याला लावण्याची कल्पना निघाली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दोन्ही औषधे चालू असेतो काम करतात, थांबवली की फळ ओसरते. फिनास्टेराइडचे काही दुष्परिणाम तर तरुणाने डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावेत असेच आहेत. या साऱ्यात तेलाचा उल्लेख नाही हे वाचकांच्या लक्षात आले असेल. नारळ न पिकणाऱ्या जळगावात मॅरिकोचा तेलाचा मोठा कारखाना आहे, आणि माका, जास्वंद, ब्राह्मी घातलेल्या बाटल्या प्रत्येक घरात आहेत. तेलाने केस मऊ राहतात, चंपीने झोप लागते. वारसा बदलत नाही.

डॉक्टर आणि आरसा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बाजार उभा राहतो. मार्च २०२५ मध्ये पंजाबातील संगरूर येथे केसगळतीवरचे फुकट शिबिर भरले. डोक्याला लावलेल्या तेलाने साठाहून अधिक लोकांचे डोळे सुजले आणि त्यांना रुग्णालय गाठावे लागले. त्याच वर्षी कानपुरात केशरोपणानंतर दोन अभियंत्यांचा जीव गेल्याचे उघडकीस आले. त्या दोघांच्या मागे कोणती छायाचित्रे, कोणते मेळावे लागले होते, हे बातमीत नसते.

आता शेगाव तालुक्याकडे. पहिला संशय पाण्यावर गेला आणि तो स्वाभाविक होता. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी जिभेलाच सांगते. तपासणीत नायट्रेट व क्षार भरपूर निघाले. पण खारे पाणी पिढ्यान्पिढ्यांचे, आणि केस गेले ते एकाच हिवाळ्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके येऊन गेली. महाडहून डॉ. हिंमतराव बावस्करही आले. विंचूदंशावरील त्यांच्या कामाने कोकणातले असंख्य जीव वाचले आहेत. आमच्या वाचकांना ते ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मकथनाचे लेखक म्हणूनही परिचित असतील. त्यांनी रुग्णांच्या घरातला गहू तपासून घेतला. त्यात सेलेनियम हे मूलद्रव्य किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम निघाले. अपेक्षित प्रमाण १.९ च्या आसपास. धुतल्यावरही ते १३.६१ होते, म्हणजे ते दाण्यावर बसलेले नव्हते, दाण्यात होते. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम कैक पटींनी वाढलेले, जस्त घटलेले. हा गहू शिधावाटप दुकानातून आलेला आणि मूळचा पंजाब-हरियाणाकडचा, असा बावस्करांचा निष्कर्ष आहे. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, होशियारपूर-नवांशहर भागात, सेलेनियमयुक्त जमिनीचा पट्टा आहे हे कृषिशास्त्रज्ञांना काही दशकांपासून ठाऊक आहे.

चंद्रदेवता सेलीनी हिच्यावरून बर्झेलियसने या मूलद्रव्याचे नाव ठेवले. शरीराला ते लेशमात्र लागते. थोडे अधिक झाले की केस आणि नखे सोडून जातात. मार्को पोलोने चीनच्या पश्चिमेकडील एका प्रदेशात विशिष्ट वनस्पती खाल्ल्याने जनावरांचे खूर गळतात असे लिहिले. ते याच विषाचे वर्णन असावे असे पुढील अभ्यासकांनी मानले. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण डकोटात गुरांचे केस आणि खूर गेले तेव्हा कारण सापडले. चीनमधील हुबेई प्रांतात एन्शी येथे १९६१ ते १९६४ या दुष्काळी वर्षांत अख्ख्या गावांचे केस व नखे गेली. माणसे भुकेपोटी तेथीलच मातीत उगवलेल्या भाजीवर व मक्यावर जगत होती. आणि औषधाच्या दुकानात कोंड्यासाठी जो पिवळसर शाम्पू मिळतो, त्यातही सेलेनियमचेच एक संयुग असते.

एन्शीच्या लोकांना निदान विष आपल्याच मातीत आहे हे पुढे कळले. बोंडगावचा शेतकरी ज्वारी सोडून कापूस-सोयाबीनवर गेला आणि भाकरीच्या जागी ताटात रेशनच्या गव्हाची पोळी आली. खानदेशातही तेच झाले. दाणा कोणत्या रानातला, हे विचारायची सवय त्याबरोबरच सुटली. बावस्करांचा निष्कर्ष खरा धरला तर केस गेले ते हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या एका जमिनीमुळे, जी या मुलांनी कधी पाहिली नाही. आणि लाज मात्र ज्याच्या त्याच्या डोक्यावर.

सहा-आठ आठवड्यांत पुष्कळांचे केस पुन्हा दिसू लागले. वाहिन्यांच्या गाड्या तोवर निघून गेल्या होत्या. एप्रिल २०२५ मध्ये त्याच तालुक्यातील काही गावांत लोकांची नखे गळू लागली. त्यांत केस गेलेल्यांपैकीच काही जण होते. या वेळी बातमी आतल्या पानावर आली, आणि त्या रोगाला कोणी नाव दिले नाही.